खाजेची पोच

खाजेचा आकडा सांगून झाल्यावर डॉ. हेमांगी तिरोडकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

खोलीत तिघी होत्या. टेबलाच्या अलीकडे मालन सणगर, वय चव्वेचाळीस, दोन्ही हात पदराखाली घेऊन बसलेली. खिडकीशी तिची मुलगी तेजल, बावीस वर्षांची, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्या उघड्या हातांची त्वचा जराशी कोरडी, पण नितळ होती. ज्या रोगाचं नाव घेऊन या मायलेकी सतरा वर्षांपूर्वी या उपचार केंद्राच्या पायऱ्या चढल्या होत्या, त्याची खूण मुलीच्या अंगावर आता शोधावी लागत होती. आईच्या अंगावर शोधावी लागत नव्हती.

"आठ म्हणजे दहापैकी?" तेजलने विचारलं.

"दहापैकी. सतरा वर्षांची सरासरी. थंडीत थोडी वर, पावसाळ्यात थोडी खाली."

"पण वहीत दोन आहे. आई रोज दोनच लिहिते. मी बघितलंय."

"वहीत दोनच आहे. आज तुमच्या कानामागच्या संवाहिकेची मुदत संपली म्हणून तिच्या आतली नोंद पहिल्यांदा वाचून काढली. यंत्राला भीड नसते, तेजल. त्याने आठ लिहून ठेवलेत."

मालन खुर्चीत चुळबुळली. "मशिनीचं काय खरं धरताय, बाई," ती म्हणाली. "आमच्या गिरणीचा काटा बी दोन किलो ज्यादाच दावतो."

कोणी हसलं नाही.

इसब, ज्याला शहरात एक्झिमा म्हणतात, हा माणसाचा फार जुना सोबती. तो संसर्गाने पसरत नाही; स्पर्शातून, ताटातून, पाण्यातून तो कोणाला लागत नाही. त्याचा उगम त्वचेच्या बांधणीत असतो. त्याच्यावर मलमं निघाली, गोळ्या निघाल्या, इंजेक्शनं निघाली, आणि बहुतेकांना त्यांनी माणसांत आणलं. पण थोडी मुलं अशी उरलीच की ज्यांच्या आजाराला कोणत्याही औषधाने पुरता लगाम बसेना. त्यांचं दुखणं त्वचेपेक्षा खाजेत अधिक होतं. वेदना माणसाला वस्तूपासून मागे खेचते; विस्तवावरून हात उचलला जातो तो तिच्यामुळे. खाज माणसाला स्वतःवरच धाडते. खाजवलं की त्वचा फाटते, फाटलेल्या त्वचेतून धूळ आणि जंतू आत शिरतात, शरीराचे पहारेकरी धावून येतात, आणि त्यांच्या धावपळीतूनच नवी खाज उपजते. हे चक्र एकदा फिरू लागलं की मूल रात्रभर स्वतःला सोलत राहतं.

तिरोडकरांनी तरुणपणी हे चक्र तोडण्याचा सरळ उपाय करून पाहिला होता. खाज वाहून नेणारे मज्जातंतू त्यांनी मुके केले. तीन आठवडे प्रयोगशाळेत उत्सव होता. चौथ्या आठवड्यात त्या तंतूंना नवे फाटे फुटले, आणि आग दुप्पट झाली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की खाज हा नुसता निरोप नसतो. त्या निरोपाची पोच मिळावी लागते. कोणीतरी तो वाचला, कोणाच्या तरी मेंदूत तो खरोखर सलला, एवढी खूण परत आली की तंतू शांत होतो. नाही आली तर तो मोठ्याने ओरडतो. यंत्राने बनवलेली पोच पाठवून पाहिली. तंतूंनी ती महिनाभरात ओळखली, जशी खोटी सही जुन्या कारकुनाला ओळखू येते. पोच जिवंत मेंदूचीच लागत होती.

कोणाचा मेंदू, हे मात्र ठरलेलं नव्हतं.

इथून कंडूवहनाची कल्पना निघाली. कंडू म्हणजे खाज. तिचं वहन, एका शरीरातून दुसऱ्या शरीराच्या जाणिवेत. तांदळाच्या दाण्याएवढी एक संवाहिका रोग्याच्या कानामागे बसवायची, तिची जोडीदार दुसऱ्या माणसाच्या कानामागे. त्वचा रोग्याची, खाज दुसऱ्याची. त्या दुसऱ्याला वाहक म्हणत. वाहकाने अनावर होऊन स्वतःचं अंग खाजवलं तरी रोग्याची त्वचा अभंग राही आणि हळूहळू बरी होई. वाहक रक्ताचा लागे, आणि त्यातही आई किंवा स्वतःचं मूल. इतरांची पोच तंतू नाकारत. व्यवहारात वाहक म्हणजे आई, असं समीकरण दोन-तीन वर्षांतच रूढ झालं, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटेनासं झालं.

मालन त्या पहिल्या काही वाहकांपैकी एक. माण तालुक्यातल्या पिंगळखोरीची. त्या गावात सणगरांची नऊ घरं होती आणि नऊही घरांत घोंगडीचे माग होते. मेंढीच्या लोकरीत ज्यांचं पोट होतं त्यांच्याच घरात लोकर सोसत नाही असं लेकरू जन्माला आलं, यावर गावाने पुष्कळ बोलून घेतलं. शाळेत तेजलच्या शेजारी कोणी बसत नसे. पाचव्या वर्षी तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत कातडी उरली नव्हती. मालन रात्री तिचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरून बसे.

तिरोडकरांनी त्या दिवशी मालनला रोग समजावला होता तो तिच्याच मागावरून. "ताण्याला खळ का लावता?" त्यांनी विचारलं होतं.

"चिंचोक्याची खळ? न लावून कसं चालंल. सूत पिंजारतं, तुटतं."

"तुमच्या मुलीच्या कातडीच्या विणीला जन्मतःच खळ कमी पडलीय. आतला ओलावा बाहेर जातो, बाहेरची धूळ आत येते. म्हणून रोज बाहेरून खळ लावायची. कोमट पाण्याने झटपट अंघोळ, साबण जवळजवळ नाहीच, अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओल आहे तोवर, तीन मिनिटांच्या आत, मलम. सुती कपडे. नखं कापलेली. घाम आला की धुवायचा. लोकर लांब."

"लोकर लांब," मालन म्हणाली होती, आणि आपल्याच लुगड्याला चिकटलेली लोकरीची काळी तूस बोटाने उचलून कुठे ठेवावी हे न कळून मुठीत धरून राहिली होती.

चूक झाली ती त्यानंतर अर्ध्या तासाने. संवाहिका लावण्याआधी वाहकाची मोजपट्टी ठरवावी लागे. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "तुमचं रोजचं, नेहमीचं अंग जसं वाटतं ते शून्य धरा. अजिबात सहन होणार नाही ते दहा. मधले आकडे तुम्ही वाटून घ्या." पुढे शेकडो वाहकांना त्यांनी हेच वाक्य सांगितलं, आणि शेकडो वेळा ते पुरलं. पण मालनचं रोजचं अंग हे लोकरीत वाढलेलं होतं. जन्माच्या पाचव्या दिवसापासून ती घोंगडीवर निजली होती. तिची उशी, तिचं पांघरूण, मागापुढची तिची बैठक, सगळं बोचरं. इतरांच्या तीन-चार अंशांची टोचणी तिच्या शून्यात आधीच मुरलेली होती. आणि दहाचं टोक तर तिला दिसतच नव्हतं. 'सहन होत नाही' असं बोललेलं माणूस तिने आपल्या घरात पाहिलं नव्हतं. ज्या घरात ते वाक्य नव्हतं, त्या घरातल्या बाईला ते वाक्य पट्टीचं शेवटचं टोक म्हणून दिलं गेलं. तिचं दहा क्षितिजापलीकडे कुठेतरी होतं. त्या अंतरात जगाचं आठ तिच्या हिशेबी दोन होत होतं.

नियम असा होता की वाहकाने पाचाच्या वर आकडा सांगितला, तर केंद्र दोघींना बोलावील, प्रवाह कमी करील, आणि रोग्याला आपलं जगणं बदलावं लागेल. मालनच्या वहीने केंद्राला कधीच हाक मारली नाही.

"म्हणजे आई खोटं बोलली का चूक झाली, ते सांगा," तेजल म्हणाली.

"ते त्यांनाच विचार."

तेजलने आईकडे पाहिलं. मालन फरशीकडे पाहत होती.

"सुरवातीला दोनच वाटायचं मला," मालन म्हणाली. "खरं सांगते. आता लेकरू झोपतंय म्हणल्यावर आणिक काय पायजे. मग तू म्हागावर बसाया लागलीस, तवा कराडला वाहक बायांचं संमेलन झालं. तिथं एक पोरगी, तुज्यापेक्षा थोडी थोरली, तिच्या लेकाचं वहायची. ती म्हणली, मला पाच होतंय, मी मरून जाईन. आन् रडली भडाभडा. मी तिचा हात बघितला. माज्या हाताच्या निम्मा बी सोलला न्हवता."

"मग?"

"मग काय. डबा खाल्ला आन् घरला आले."

"आई, हे कधीचं?"

"आठ वर्सं झाली."

तेजल खिडकीकडे वळली. बाहेर केंद्राच्या आवारात माळी पाइपाने हिरवळीवर पाणी मारत होता. ती पाठमोरीच बोलली. "तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तेव्हा सांगितलं असतंस तर मी दुसरं काहीतरी शिकले असते. आता काय करू? पिंगळखोरीत नऊ माग बंद पडले होते. मी उघडले. अकरा बायका येतात माझ्याकडे. मला दुसरं काय येतं?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिथे बसवत नव्हतं. तेजलच्या त्वचेला खाज माहीत नसल्यामुळे तिने लोकर अशी हाताळली होती जशी पिढ्यान्‌पिढ्या कोणी हाताळली नव्हती. कच्ची, न धुतलेली, रूक्ष लोकर ती उघड्या मांडीवर वळत असे. तिची घोंगडी आता परदेशात जात होती. माल अंगाला बोचतो की नाही हे तिला स्वतःला कळत नसे, म्हणून तिने एक युक्ती काढली होती. नवं कापड मानेभोवती गुंडाळायचं आणि घरात ओरडायचं, "आई, किती?" आतून, चुलीपासून किंवा न्हाणीतून, उत्तर येई, "दोन." मागावरच्या बायकांनी त्याचं नावच पाडलं होतं, आईचा दोन. पुण्याहून एका गिऱ्हाइकाने घोंगडी परत पाठवली, सोबत चिठ्ठी, की ही पांघरून झोपणं म्हणजे साळिंदराशी संसार. त्यावर सगळ्या जणी आठवडाभर हसल्या होत्या. मालनही हसली होती.

आणखी एक गोष्ट होती. तेजल बारा वर्षांची होईपर्यंत मालन स्वतः तिच्या पाठीला मलम लावी. पुढे मुलीने ते आपल्याकडे घेतलं आणि हळूहळू सोडलं. जे बोचत नाही त्याची निगा कोण ठेवतो. मग मालन विचारू लागली. मलम लावलंस का? अंघोळ झाल्या झाल्या लावलंस का? घामाचा झंपर बदललास का? सकाळी, दुपारी, फोनवर, चारचौघींत. तेजल वैतागून म्हणे, "अगं, मला काही होत नाही, तू कशाला माझा जीव खातेस?" तिला ती आईची पिरपिर वाटे. ती एका बाईने आपल्या अंगासाठी केलेली याचना होती, हे तिरोडकरांनी आज संगणकाच्या पडद्यावर खाजेची रेषा पाहिली तेव्हा त्यांना कळलं. जिथे जिथे रेषा नऊकडे चढत होती, तिथे तिथे वहीत, दोनच्या शेजारी, मालनच्या हाताने लिहिलेलं होतं: आज पोरीनं मलम लावलं न्हाई.

"हात दाखवा, मालनताई," डॉक्टर म्हणाल्या.

मालनने पदराखालून उजवा हात काढला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी जाड, काळसर, म्हशीच्या मानेसारखी झाली होती. पण डॉक्टरांना दाखवायचं होतं ते वेगळंच. तळव्यावर, चार बोटांच्या मुळाशी, भाजल्याचा लांबट पट्टा होता.

"हे कसं?"

"तव्यावर टेकला."

"चटका बसला तेव्हा कळलं?"

मालनने मूठ मिटली. "वास आला तवा कळलं."

तेजल खिडकीपासून दोन पावलं पुढे आली.

तिरोडकरांनी तिला बसायला सांगितलं आणि समजावलं. प्रत्येकाच्या मेंदूत स्वतःच्या शरीराचा एक नकाशा असतो. बोटांना मोठा प्रदेश, पाठीला लहान. जो भाग अधिक बोलतो त्याला अधिक जागा मिळते. मालनच्या मेंदूत सतरा वर्षं तेजलचे हात बोलत होते, दिवसाचे अठरा तास, आठच्या पट्टीत. तिचे स्वतःचे हात त्यापुढे कुजबुजत राहिले आणि शेवटी गप्प झाले. त्यांची जागा मुलीच्या हातांनी घेतली. "त्यांना अजून स्पर्श होतो, पण तो तुला होणारा स्पर्श आहे. आणखी एक-दीड वर्ष हे चाललं तर त्यांच्या त्वचेतून त्यांना काहीच कळणार नाही. ऊन, पाणी, काटा, कोणाचा हात. मग ते परत येत नाही. आज थांबवलं तर बरंचसं येईल."

"आणि थांबवलं तर माझं?"

"तुझी खाज तुला येईल. तिच्यावर उपाय आहेत. नवी इंजेक्शनं, मलमं, रात्री ओल्या पट्ट्या, आणि रोजची शिस्त, जी तुझ्या आईला पाठ आहे. लाखो माणसं त्यावर नीट जगतात, शिकतात, संसार करतात. फक्त लोकरीचं काम तुला चालणार नाही. आणि सुरवात फार कठीण जाईल, कारण खाज सोसणं हेही शिकावं लागतं. लहान मुलं ते रडत रडत शिकतात. तुझं ते शिकणं पाचव्या वर्षीच थांबलं."

तेजलने उजव्या हाताचा अंगठा चाळवला. त्या अंगठ्याचं नख तिने वाढवलेलं होतं, मागावर तुटलेला धागा उचलायला. "दुसरा वाहक?" तिने विचारलं.

"आई, नाहीतर स्वतःचं मूल."

"मूल किती वर्षांचं लागतं?"

प्रश्न सहज विचारला गेला होता, दुकानात एखादं माप विचारावं तसा. तिरोडकरांनी चष्मा पुन्हा उचलला, पण डोळ्यांवर लावला नाही. लहान मुलांना वाहक करू द्या, असे अर्ज त्यांच्या कपाटात आधीच पडून होते. बहुतेकांवर लिहिणाऱ्याचं अक्षर फार सुंदर होतं, आईने खाज वाहून वाचवलेल्या हातांचं. आपण खाज बरी केली नाही, तिला फक्त वारस मिळवून दिले, हे त्यांना त्या अक्षरांनी शिकवलं होतं.

"अठरा," त्या म्हणाल्या. "निदान आजच्या कायद्याने."

मालनने लेकीकडे पाहिलं आणि पुन्हा फरशीकडे.

"बाई, उगा लांबण नको," ती म्हणाली. "नवीन दाणा बसवा. माजं अर्धं आयुष्य झालंय. हाताला काय कळलं न् काय न्हाई कळलं, भाकरी वासावर बी भाजता येती."

"बसवून झालाय. सकाळी भूल दिली तेव्हाच दोघींना नवा बसवला. पण सुरू केलेला नाही. जुना अजून चालू आहे, तो मी आता बंद करणार. नवा सुरू करण्याआधी बारा मिनिटं जाऊ देणार. इतकी वर्षं मी हे कोणाशी केलं नाही. करायला हवं होतं. तुम्ही दोघींनी एकेकदा आपापल्या अंगात बसून बघा. मग ठरवा."

"बारा मिनिटांनी काय होतंय," तेजल म्हणाली. "करा."

तिरोडकरांनी पडद्यावर बोट टेकवलं.

सुरवातीला काही झालं नाही. तेजल आईकडे पाहून किंचित हसलीदेखील. मग तिने डाव्या कोपराच्या लवणीवर हात नेला, उगीच, माशी वारावी तसा. मग गुडघ्यामागे. मग मानेवर. मग तिचे दोन्ही हात एकमेकांना ओळखेनासे झाले. तिला वाटलं होतं की खाज एखाद्या जागी असते. ही जागोजागी उगवत होती, खाजवलं तिथून उठून शेजारी जाऊन बसत होती, आणि खाजवण्यात क्षणभर जे सुख होतं ते त्या यातनेहून भयंकर होतं, कारण ते आणखी मागत होतं. अंगठ्याच्या नखाने तिच्या मनगटावर एक लाल रेघ उमटली, मग दुसरी.

"हे असं असतं?" तिने विचारलं. तिचा आवाज पाच वर्षांच्या मुलीचा झाला होता. "किती मिनिटं झाली?"

"तीन."

"हे आठ आहे?"

"सहा. आज तुझ्याभोवती लोकर नाही."

त्याच वेळी टेबलाच्या अलीकडे दुसरं काहीतरी चाललं होतं, आणि त्याचा आवाज होत नव्हता. मालनने आधी श्वास धरला होता, रोजच्या लाटेसाठी. लाट आली नाही. ती वाट पाहत राहिली. खूप दिवस वस्तीला असलेला पाहुणा उठून गेल्यावर घर जसं आपल्याच भिंतींना दचकतं, तशी ती आपल्याच अंगाला दचकली. मग पंख्याचा वारा आला. तो तिच्या दंडावर आला, तिच्या स्वतःच्या, आणि त्याला थंडपणा होता. तिने डावा तळवा टेबलाच्या काचेवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. मग उचलून गालावर ठेवला. बांगडी मनगटावरून खाली सरकली, तेही तिला कळलं. कुठून कुठे, आणि किती हळू. उजव्या तळव्यावरच्या भाजल्या पट्ट्यात बारीक ठणका उठला. इतक्या दिवसांनी ती जखम आपली आहे हे तिला कळत होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुखलं म्हणून की दुखू शकलं म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"बंद करा," तेजल म्हणाली. "बघितलं मी. कळलं. सुरू करा तो."

"अजून सात मिनिटं आहेत."

"डॉक्टर, प्लीज." ती खुर्चीतून उतरून जमिनीवर बसली होती आणि पोटऱ्या फरशीवर घासत होती. "आई, सांग ना त्यांना."

मालन उठली, तिच्यापाशी गेली, आणि सवयीने तिचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरले. पण धरल्याबरोबर ती थबकली. लेकीची बोटं तिच्या तळव्यात धडपडत होती, गरम, खरखरीत, सुताने कातरलेली. सतरा वर्षं ती या हातांच्या आत राहिली होती, आणि ते बाहेरून कसे लागतात हे विसरून गेली होती. ती ते हात धरून बसली. कितीतरी वेळ कोणी मिनिटं विचारली नाहीत. तेजल दात आवळून कण्हत होती.

बारा मिनिटं झाल्याचं तिरोडकरांनी सांगितलं. मग त्यांनी टेबलावरचा छोटा ध्वनिग्राहक मालनच्या बाजूला सरकवला. संवाहिका वाहकाच्या स्वतःच्या आवाजातल्या होकाराशिवाय सुरू होत नसे, आणि दर वर्षी तो नव्याने द्यावा लागे. सतरा वेळा हा प्रश्न विचारला गेला होता, आणि सतराही वेळा मालनने तो पुरा होण्याआधीच हो म्हटलं होतं.

"मालन दत्तू सणगर," डॉक्टरांनी वाचलं, "आपल्या मुलीची खाज स्वेच्छेने वाहण्यास तुम्ही तयार आहात का?"

प्रश्न पुरा झाला.

"आई," तेजल म्हणाली. "मी मलम लावीन. रोज लावीन. तीन मिनिटांच्या आत लावीन. उघड्या मांडीवर लोकर वळणार नाही. एक वर्ष फक्त. मी कोणालातरी शिकवते मागावर, मग सोडते. हो म्हण."

मालनने तिचे हात हळूच आपल्या मुठीतून सोडले. सुटल्याबरोबर ते लगेच मानेकडे गेले. मालन गुडघ्यावर जोर देऊन उठली. टेबलावरची मलमाची नळी तिने झाकण उघडून लेकीच्या जवळ ठेवली, अशी की हात पोचेल.

"आई, हो म्हण ना."

मालन दारापर्यंत गेली. दाराची कडी पितळेची होती. कडीवर तिचा हात गरजेपेक्षा क्षणभर अधिक राहिला. मग ती बाहेर पडली. ओसरी लांब होती आणि तिच्या भिंतीला खरखरीत गिलावा होता. खोलीतून तिसऱ्यांदा हाक आली. मालन डाव्या हाताची बोटं भिंतीवरून फिरवत चालत राहिली, पायऱ्यांपर्यंत, आणि मग पायऱ्या उतरून उन्हात गेली.